फौजदाराचा मुद्देमाल

८ जानेवारी, बुधवार

आज सकाळी उजव्या चपलेत पाय घातला तर आत काहीतरी गार आणि मऊ लागलं. बघते तर अर्धी पाल. पुढची अर्धी. मागची अर्धी डाव्या चपलेत. म्हणजे वाटणी चोख! मी किंचाळले. फौजदार दारात पुढचे पाय जुळवून बसला होता, शाबासकीची वाट बघत.

फौजदार म्हणजे आमचा बोका. मिशा भरघोस, पोट सुटलेलं आणि चालणं असं की गल्ली याच्या तीर्थरूपांची. आमचा कसला, ताईचा. ताई गेली, हा राहिला.

दीड वर्षात याने घरात काय काय आणून टाकलं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही, म्हणून आजपासून लिहून ठेवणार आहे. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं बांधली, स्वतःच्या वहीत एक ओळ लिहिली नाही. उरलेल्या कोऱ्या कागदाचे चार फॉर्मे शिवून ही वही केली. नियम एकच. फौजदाराने आणलेला मुद्देमाल तेवढा लिहायचा, बाकी काही नाही. ताईबद्दल तर अजिबात नाही.

११ जानेवारी, शनिवार

मुद्देमाल: उंदराचं शेपूट (मालक बेपत्ता), साळुंकीचं एक पीस आणि एक कागदाचा गोळा.

कागद प्रथमच. चांगला घट्ट चुरगळलेला, लाळेने ओला. उंदीर ठेवावा तसा माझ्या स्टुलापुढे ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला. मी म्हटलं, "आता रद्दीचा धंदा काढलास का रे?" आणि गोळा उचलून बादलीत टाकला.

बादली म्हणजे लगद्याची. बाबांच्या वेळेपासून ती कामाच्या टेबलाखाली आहे. पुस्तकाच्या कडा कापल्या की जी कातरण पडते ती त्यात भिजत घालायची, कुजली की घोटायची, शिकंज्यात दाबून तिचा पुठ्ठा करायचा. जुन्या पुस्तकांच्या मोडक्या कोपऱ्यांना त्या पुठ्ठ्यासारखं दुसरं काही बसत नाही. बाबा म्हणायचे, घरात आलेला कागद घराबाहेर जाता कामा नये. आम्ही दोघी तो नियम अजून पाळतो. आम्ही कसल्या, मी पाळते.

१९ जानेवारी, रविवार

जिवंत बेडूक! तोही खळीच्या भांड्यात! सकाळी मी खळ शिजवून गार करायला ठेवली होती. फौजदाराने बेडूक खिडकीतून आणला आणि नेमका त्यात सोडला. बेडूक उडी मारून पुस्तकावर, पुस्तकावरून माझ्या मांडीवर, मांडीवरून कपाटाखाली. खळीची पावलं घरभर. सगळी दुपार त्याच्यामागे वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला.

कपाटाखाली हात घालताना वरच्या बरण्या हलल्या. एकेका बरणीवर ताईने चिकटवलेली चिठ्ठी आहे: 'जाड दोरा', 'बारीक दोरा', 'तुटकी बटणं – टाकू नये'. सगळं जांभळ्या शाईत. ताईला दुसरी शाई चालत नसे. निळी म्हणजे शाळामास्तरांची, काळी म्हणजे कोर्टाची, म्हणायची. त्या चिठ्ठ्या काढायच्या म्हणून दीड वर्ष म्हणते आहे. ओलं फडकं लावलं की निघतील, दोन मिनिटांचं काम.

बेडकाखेरीज आज एक पिवळं मऊ फडकं आणि आणखी एक कागदाचा गोळा आणला. फडकं चष्मा पुसायचं असतं तसलं. गोळा बादलीत.

फौजदार हल्ली घरी दुपारचं दूध तोंडाला लावत नाही, तरी पोट वाढतंच आहे. वाऱ्यावर जगतो की काय कोण जाणे.

२३ जानेवारी, गुरुवार

मुद्देमाल: पुरुषाचा काळा मोजा, टाचेला भोक. आणि मेणाचा गोळा.

हे लिहायचं की नाही म्हणून तासभर पेन हातात धरून बसले होते. नियम मोडते आहे.

मेणाचा गोळा ताईचा आहे. शिवायच्या आधी दोरा मेणातून ओढावा लागतो, म्हणजे तो गुंतत नाही. चाळीस वर्षं एकाच जागी दोरा ओढून ताईच्या गोळ्याला खोल चीर पडली आहे आणि दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा खळगा. माझा अंगठा त्यात बसत नाही. लहानपणीसुद्धा बसत नसे.

म्हणजे हा चोर दुपारी तिकडे जातो. तीन गल्ल्या सोडून, त्या चष्मेवाल्याच्या घरी. मोजा त्याचा, फडकं त्याचं. आणि ताई तिथेही काहीतरी शिवते आहे. मला वाटलं होतं तिने सगळं सोडून दिलं असेल.

मेण मी माझ्या खणात ठेवलं आहे. परत करायला हवं. बघू.

२४ जानेवारी, शुक्रवार

नियम मोडलाच आहे तर पुरता मोडावा.

आई गेली तेव्हा ताई चौदा वर्षांची होती, मी नऊ. वेणी तिने घातली, अभ्यास तिने घेतला, टोचा कसा धरायचा तेही तिनेच शिकवलं. बाबा गेल्यावर आम्ही दोघींनी दुकान चालवलं. ती शिवायची आणि लगदा घोटायची, मी कापायची आणि पुठ्ठा चढवायची. मला ती 'बारके' म्हणते. एकोणपन्नास वर्षांची झाले तरी मी बारकीच. दुसऱ्या कुणी मला कधी तसं म्हटलेलं नाही, आणि मी म्हणू दिलंही नसतं.

मग ताईला जवळचं दिसेना. त्या चष्मेवाल्याकडे गेली. चष्मा एका आठवड्यात झाला, पण ही चार महिने दर शनिवारी दांडी सैल झाली म्हणून जात राहिली. त्रेपन्नाव्या वर्षी मला म्हणते, "बारके, मी लग्न करते आहे." मी हसले. मला थट्टाच वाटली. थट्टा नाही हे कळल्यावर जे बोलायचं नाही ते बोलले. म्हटलं, "जातेस तर मांजर इथे ठेवून जा, आणि या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. तुझी चिठ्ठीसुद्धा नको मला."

ताई शब्दाची पक्की. पाऊल टाकलं नाही, चिठ्ठी पाठवली नाही. आपण रागात हजार गोष्टी बोलतो. समोरच्याने त्या इतक्या मनावर घ्यायच्या असतात का?

२ फेब्रुवारी, रविवार

या आठवड्यात कागदाचे तीन गोळे. आता कुठून येतात ते ठाऊक आहे म्हणून उचलताना हात आखडतो. चष्म्याच्या दुकानाची बिलं असणार, दुसरं काय. मी कुणाची बिलं वाचत नाही. तिन्ही बादलीत.

लगद्याला यंदा जांभळी झाक आली आहे. कसल्या कसल्या रंगात बिलं लिहितो हा माणूस! पांढऱ्या कोपऱ्यांना हा पुठ्ठा शोभायचा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आणखी एक गोळा. बादलीत. फौजदार बादलीशी बसून पाण्यात पंजा घालत होता. हाकललं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वाचनालयाच्या बाई पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. गठ्ठा सोडता सोडता सहज म्हणाल्या, "तुमच्या ताई चालल्या म्हणे?"

"कुठे चालल्या?"

"अहो, तुम्हाला माहीत नाही? चष्म्याचं दुकान विकलं. त्यांच्या यजमानांचा मुलगा असतो ना लांब, त्याच्या गावी. तेवीस तारखेला निघणार. आठ तासांचा प्रवास आहे म्हणत होत्या. माझा चष्मा द्यायचा राहिला होता, काल तो घ्यायला गेले तेव्हा बोलल्या."

मी म्हटलं, "माहीत आहे हो. विसरले होते."

बाई गेल्यावर मी एकाच पुस्तकाला दोनदा अस्तर लावलं. दुसरं सोलून काढावं लागलं.

तीन गल्ल्या म्हणजे काय अंतर आहे? रागावून बसायला सोयीचं अंतर. आज नाही तर उद्या ती येईल, नाहीतर बाजारात समोरासमोर येऊ, असं धरून चालले होते. आठ तासांच्या अंतरावर कुणी बाजारात भेटत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मुद्देमाल: चिमणी (मेलेली), कपड्यांचा चिमटा, कागदाचे दोन गोळे.

बादली काठोकाठ भरली. हात कशात लागत नव्हते म्हणून घोटायलाच बसले. ताई दोन-दोन तास घोटायची, गाणं म्हणत. मी अर्ध्या तासात कंटाळले. तसाच जाडसर लगदा चौकटीत ओतला, शिकंज्यात घालून चाक आवळलं. आता चार-पाच दिवस तसाच राहील.

घोटताना स्वतःशी एक गोष्ट कबूल केली. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकबूल करता येणार नाही. तिने लग्न केलं याचं मला दुःख नव्हतं. माणूसही वाईट नाही, दोनदा पाहिला आहे, हळू बोलतो. मला खुपलं ते हे, की ती मला सोडूनही सुखी होऊ शकत होती. मला ते जमत नाही. दोन कप चहा अजूनही करते, आणि दुसरा गार करून मीच पिते.

पण जायच्या आधी एक निरोप धाडता आला नसता का तिला? ती मोठी आहे. मोठ्याने एक पाऊल पुढे टाकायचं असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस कागद नाही. फौजदार दुपारी जातो आणि नुसताच परत येतो. आवराआवर चालली असेल तिकडे, बिलं संपली असतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज शिकंजा उघडला.

पुठ्ठा निघाला तो ओबडधोबड, फिक्या जांभळ्या रंगाचा. उन्हात धरून बघितला, कुठे भेगबीग आहे का म्हणून. नीट घोटला नव्हता, त्यामुळे कागदाचे तुकडे जसेच्या तसे राहिले होते. घट्ट गोळ्यांच्या पोटात पाणीच शिरलं नसणार. अशा एका तुकड्यावर अक्षर होतं. नखाने वरचा पापुद्रा काढला.

'बारके,'

मी खणातून भिंग काढलं.

मग भिंगातून सगळा पुठ्ठा इंच इंच बघितला. खालच्या कोपऱ्यात आणखी एक 'बारके'. मध्ये नुसतं 'बार'. एका ठिकाणी 'अजून राग'. एका ठिकाणी 'वारी ये'. रविवारी, सोमवारी, कुठला वार तो गेला. कडेला 'वाट'. बाकी सगळं विरघळलं.

आठ गोळे. वही उलटी चाळून पाहिली, आठच. जांभळी शाई! बरणीवरची चिठ्ठी रोज डोळ्यांसमोर, आणि मी चष्म्याच्या बिलांना नावं ठेवत बसले. कागदाचा धंदा करते मी. माझ्यासारखी गाढवीण या गल्लीत दुसरी नसेल. पत्रं आली, माझ्या हातांनी मी ती भिजवली, घोटली, वर शिकंज्याचं चाक आवळलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बारा वाजल्यापासून खिडकीशी उभी. म्हटलं, एक तरी आण. एकच आण रे, उलगडून वाचते, वाळवून वाचते, पाया पडते तुझ्या.

तीन वाजता साहेब आले. तोंडात काहीतरी होतं. मी धावत गेले.

पाल. या खेपेला अख्खी.

मी त्याच्यावर ओरडले आणि मग त्याला कवटाळून रडले. त्याला दोन्ही आवडलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेले. हे आधी लिहिते, कारण गेले नसते तर ही वहीसुद्धा बादलीत घातली असती.

सकाळी दहा वाजता पुठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळला, मेणाचा गोळा पदरात बांधला आणि निघाले. तीन गल्ल्या. दुसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर परत फिरले होते. फौजदार मागून येत होता, तो माझ्या पुढे गेला आणि थांबून बघायला लागला. मांजरापुढे काय माघार घ्यायची, म्हणून गेले.

दार भावोजींनी उघडलं. हो, भावोजी. आज पहिल्यांदा म्हटलं, मनातल्या मनात. ते फौजदाराला म्हणाले, "या साहेब," आणि मग मला बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आत या. ती मागे आहे."

खोक्यांच्या रांगा. ताई खाली बसून पुस्तकांचे गठ्ठे बांधत होती. केस पुरे पांढरे झालेत. मला बघून उठली नाही, हातातला दोरा तसाच ताणून धरला.

वाटेत मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "पत्रं मिळाली."

"सगळी?"

"सगळी."

"मग?"

"लगदा केला."

मी वर्तमानपत्र सोडून पुठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. ताईने तो उचलला, वाकवून पाहिला, सवयीने त्यावर टिचकी मारून आवाज ऐकला. मग चष्मा कपाळावरून खाली घेऊन ती अक्षरं बघत राहिली.

"नीट घोटला नाहीस," ती म्हणाली.

"घोटायला तू कुठे होतीस?"

आणि आम्ही दोघी हसायला लागलो. ताईचं हसू कधी रडण्यावर गेलं ते कळलं नाही, माझं तर आधीच गेलं होतं. भावोजी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत राहिले.

"अगं, मला वाटलं तू वाचून गप्प बसलीस," ताई म्हणाली. "पहिला कागद याने टोपलीतून पळवला. जमला नाही म्हणून मी चुरगळून टाकला होता. म्हटलं, बरा पोस्टमन मिळाला. पुढचे मग मीच चुरगळून याच्यापुढे टाकले. सपाट कागद हा तोंडात धरत नाही."

"साधं टपालाने का नाही पाठवलंस?"

"तू म्हणाली होतीस ना, माझी चिठ्ठीसुद्धा नको. मी कुठे पाठवली? मांजराने चोरली." ताई अशीच. शब्द मोडायची नाही, वाकवायची. "आणि घरात आलेला कागद बादलीत जातो, हे मला सुचू नये! बाबांनी डोकं खाऊन शिकवलेलं."

"काय लिहिलं होतंस?"

"दर खेपेला तेच. जेवायला ये. नुसता वार बदलायचे."

भावोजी दारात आले होते. ते हळूच म्हणाले, "तुमचं ताट मांडत होतो आम्ही. तिसरं. ही म्हणायची, थांबा, तिला दुकान बंद करायला उशीर होतो." मग म्हणाले, "दोनपर्यंत थांबायचो."

त्यांतल्या एका रविवारी मी कपाटाखालून बेडूक काढत होते.

मी ताईचा हात धरला. "जाऊ नकोस." दीड वर्षांपूर्वी म्हणायचं होतं ते हेच, तेव्हा तोंडातून दुसरंच निघालं होतं.

"बारके," ताई म्हणाली. चाळीस वर्षं मेणाच्या गोळ्यावर ठेवलेला अंगठा तिने माझ्या मनगटावर ठेवला. "दुकान गेलं गं. यांची नजर उतरली आहे, बारीक काम होत नाही आता. उद्या सकाळी गाडी आहे."

जेवायला थांबले. भांडी बांधून झाली होती, एक खोकं परत फोडावं लागलं. तीन ताटं.

निघताना मेण परत दिलं. पुठ्ठा मागितला, तर देईना. "माझी पत्रं आहेत, मी नेते." फौजदाराला न्यायचं का विचारलं, तर म्हणाली, "नको. घराचं मांजर घरीच बरं. आणि तुझ्याकडे कुणीतरी हवं काहीबाही आणून टाकायला."

९ मार्च, रविवार

मुद्देमाल: काही नाही.

दोन आठवडे काही नाही. पाल नाही, पीस नाही, शेपूट नाही. दुपारी बारा वाजले की फौजदार निघतो, तीन गल्ल्या जातो. मागून जाऊन बघितलं एकदा. बंद दारासमोर पुढचे पाय जुळवून बसतो. तासाभराने उठून येतो आणि माझ्या स्टुलापुढे बसतो. रिकाम्या तोंडाने.

तिचं पत्र आलं नाही अजून. घर लावायला वेळ लागतो माणसाला. आणि आता पाळी माझी आहे, हे मला कळतं.

बरणीमागे ताईच्या शाईची बाटली सापडली. तळाला दोन बोटं शाई होती, पाणी घालून हलवली. 'ताई' एवढं लिहिलं आणि अडले. चुरगळला. दुसरा कागद घेतला, तोही चुरगळला. आता कळतं आहे तिचं कसं होत असेल. फौजदार टेबलावर चढून, मान तिरकी करून, तिसऱ्या कागदाकडे बघत बसला. पहिले दोन त्याने आधीच दारापर्यंत नेऊन ठेवले होते, पुढे कुठे न्यायचे ते कळत नसल्यासारखं.

म्हटलं, बस बाबा वाट बघत. हा नाही मिळायचा. जे सुचलं ते लिहिलं, पुन्हा वाचलं नाही, सपाट घडी केली, ताईने दिलेला पत्ता घातला आणि कोपऱ्यावरच्या पेटीत स्वतःच्या हाताने टाकून आले. लिहिलं ते इथे उतरवून ठेवते.

'ताई, फौजदार रोज तुझ्या दारी जाऊन रिकाम्या तोंडाने येतो. त्याला समजावायला माझ्याकडे शब्द नाहीत. तुझ्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या काढणार नाही. वाचनालयाचं काम परवा संपतं. येत्या रविवारी येते. उशीर झाला तर दोनच्या पुढेही थांबा. तीन ताटं मांड.'